कंडक्टरबाईंची घडवंची

आत्याला कुणी "नको" म्हटलं की तिला कामाचा हुरूप यायचा. यवतमाळच्या आमच्या गल्लीत तिला सगळे कंडक्टरबाई म्हणत. एसटीतून निवृत्त झाली तरी भाजीच्या गाड्यापाशीसुद्धा ती लोकांना दटावायची, "सरका पुढं, मांगं लोकं उभे हायेत!"

आत्याचे यजमान गेल्यावर तिच्या मुलानं, आमच्या दादानं, तिला पुण्याला न्यायचं ठरवलं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं. आत्या भांडली नाही. तिनं माणूसभर लांबीची माशांची काचेची टाकी मागवली आणि ती ठेवायला सागाची घडवंची स्वतः करायला बसली. एवढी टाकी एकदा भरली की कुणाच्या बापाला हलत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गल्लीला विषयच मिळाला. शेजारचे काका म्हणाले, "उन्हाळ्यात प्यायले पानी नाही, अन् ह्या बाई मासोया पोसाले निंघाल्या!"

रंधा न थांबवता आत्या म्हणाली, "मासोयाइचं पानी परसातल्या वांग्याले जानार हाय. तुमच्या कूलरचं कुठं जाते, ते सांगा."

लाकूडकाम ती आजोबांच्या हाताखाली शिकली होती. खिळ्यावर तिचा भरवसा नव्हता. आडव्या पट्टीचं टोक तासून ती घडवंचीच्या पायातल्या खाचेत ठोकायची. जरा ढिलं वाटलं की ती पट्टी फेकून नवी घ्यायची. तिच्या या हट्टानं आम्ही वैतागायचो, पण मनातून मला तिचा फार अभिमान वाटायचा.

दादा न्यायला आला तेव्हा घडवंची तयार होती, टाकी मात्र अजून भिंतीला टेकूनच होती. तो म्हणाला, "आई, हे वजन पेलणार नाही. टाकी फुटली तर एकटी काय करशील?"

आत्यानं दार उघडून गल्लीला हाक मारली. काका, काकू, समोरचा इस्त्रीवाला, मी, साऱ्यांना तिनं घडवंचीवर दाटीवाटीनं उभं केलं. "सरका, अजून एक सीट हाय!" म्हणत दादालाही हाताला धरून वर चढवलं. घडवंची कुरकुरलीसुद्धा नाही.

"एकटी कायले?" आत्या खालून म्हणाली. "हे एवढे लोकं कोन हायेत मंग?"

दादा एकटाच परत गेला. दुसऱ्या दिवशी टाकी घडवंचीवर चढली, भरली आणि तिच्यात मासे आले.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली, त्याच घरात, स्वतःच्या खाटेवर. तेरावं झाल्यावर दादानं टाकी रिकामी करायला नळी सोडली. मी ती ओढून अंगणात फेकली. रडू आवरत नव्हतं, तरी म्हटलं, "दादा, मासोया जित्त्या हायेत. घराले कुलूप लागनार नाही."

तेव्हापासून किल्ली माझ्याकडे आहे; माशांना खायला घालायला मी रोज जाते. भाड्यानं घर शोधणारे येतात, रिकामं आहे का विचारतात. मी "नाही" म्हणते आणि दार लावून घेते.