बाई गायल्या नाहीत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरींना नाही. देवापुढंसुद्धा मी चलाखी करत आले — दिवा लावायचा, हात जोडायचे आणि विषय निघायच्या आत उठायचं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि परवापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

परवा इथल्याच एका चॅनलची पोरगी मोबाइल घेऊन आली. माझ्या गाण्याच्या बाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम आहे, त्यावर दोन शब्द पाहिजेत म्हणे. तिनं एक जुनी क्लिप दाखवली आणि म्हणाली, "आजी, ही त्यांची शेवटची मैफल ना? बातमी तुम्हीच दिली होती. सांगा की, कशी रंगली?"

मी म्हटलं, गुडघा दुखायला लागलाय, नंतर ये. गुडघा ठणठणीत आहे.

क्लिपमध्ये मीही आहे. काय ते ध्यान! खांद्यावर पिनांनी ठोकलेला पदर, ओठांवर डाळिंब फुटल्यासारखी लाली, आणि भाषा? घरी "भाकर करायलेय" म्हणणारी ही बया, कॅमेरा सुरू झाला की थेट पुण्यात जन्मायची. "नमस्कार रसिकहो!" एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

लातूरच्या केबलवर मी कलेच्या बातम्या द्यायची. बाईंनी मला सात वर्षं गाणं शिकवलं होतं. ते काही आलं नाही, म्हणून मी गाण्याबद्दल बोलायला लागले. बाई मूळच्या देगलूरच्या, इथं मुलींच्या शाळेत संगीत शिकवायला आलेल्या. सडसडीत, तोंडानं फटकळ, आणि गळा — जाऊ द्या. त्या गळ्याबद्दल बोलायचा हक्क मी गमावला आहे.

आमची कामाची रीत ऐका. दुपारी निमंत्रणपत्रिका यायची. तिच्यावरून मी दुपारीच बातमी लिहून ठेवायची. दीपप्रज्वलन, मान्यवरांचा सत्कार, मग "मैफल उत्तरोत्तर रंगत गेली". कॅमेरामन समई, शाल, नारळ एवढं टिपायचा. त्याचा तो मोठा दिवा विझला की निम्मं सभागृह उठायचं, कारण आता आपलं तोंड टीव्हीवर येणार नाही. तबला जुळायच्या आत आम्हीही बाहेर. इतकी वर्षं शहराचं संगीत मी घराघरांत पोचवलं, आणि एक मैफल शेवटपर्यंत ऐकली नाही. रसिकहो!

त्या दिवशीही तेच. संयोजक होते आप्पा — डाळमिलवाले, नाट्यगृहाच्या समितीवर, आमच्या केबलच्या निम्म्या जाहिराती त्यांच्या. बाई बऱ्याच वर्षांनी गाणार होत्या. मी दोन दिवस आधी बाईंच्या घरी जाऊन त्यांचा रियाज टिपून आणला होता, झलक म्हणून. सत्कार चालू असतानाच आम्ही निघालो. पडद्याच्या कडेला बाई तंबोरा घेऊन बसलेल्या दिसल्या. चंदनी रंगाचं रेशमी लुगडं. मी हात हलवला.

आजवर मी मनाला सांगत आले की पुढचं मला माहीत नव्हतं. किती सोयीचं, नाही? पण माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तबलजी मन्सूरभाई आमच्या ऑफिसात आले. त्यांनी सगळं सांगितलं — आदल्या रात्री भाषणं लांबली, पुढारी उशिरा आले, पुन्हा शाली निघाल्या; तोवर सभागृहात आप्पांची नि पुढाऱ्यांचीच माणसं उरली होती. मग आप्पा बाईंना म्हणाले, "तुम्ही सुरू करा बाई, सत्कार बाजूनं चालू राहतील." बाईंनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि उठून गेल्या. एक सूरसुद्धा न लावता.

मन्सूरभाई म्हणाले, "बाईंनी निरोप दिलाय. बातमीत एवढंच सांगा — बाई गायल्या नाहीत."

तीन शब्द. बातमी संध्याकाळी होती. माझ्या हातात अख्खा दिवस होता.

मी काय केलं? घरचा रियाज लावला. टाळ्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या जोडल्या. आणि लाली लावून वाचलं, "मैफल उत्तरोत्तर रंगत गेली." रियाजात बाईंच्या अंगावर हिरव्या काठाचं सुती लुगडं होतं. अख्ख्या लातुरात एकाच्याही ध्यानात आलं नाही. कुणी बघत होतं का मुळात?

आयुष्यभर ज्या बाईनं शाळेच्या गॅदरिंगला, पुढाऱ्यांच्या स्वागताला निमूटपणे पोरींची गाणी बसवून दिली, ती एकदाच नाही म्हणाली होती. तेवढं एक नाही मी पुसून टाकलं.

बाई सांगत फिरल्या, मी गायले नाही. लोक हसले. टीव्हीवर बघितलं की आम्ही, म्हणाले. आप्पांनी तर एका लग्नात, जेवणाच्या पंगतीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बाईंचं आता वय झालं. तासभर गायल्या आणि ध्यानात न्हाई." मी समोरच्याच पाटावर होते. बाईंनी माझ्याकडं बोट केलं. "हिला विचारा. ही माझी शिष्या हाय."

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मन्सूरभाई दोन पानं पलीकडं बसले होते, त्यांनी मान खाली घातली. आणि मी — तोंडात जिलेबीचा घास होता, तो गिळून — म्हणाले, "गायल्या की बाई. लई छान गायल्या."

बाई अर्ध्या पानावरून उठल्या. हात धुऊन निघून गेल्या. पुढच्या महिन्यापासून लोकांनी पोरींना शिकवणीला पाठवणं कमी केलं. स्वतःचं गाणं विसरणारी बाई दुसऱ्यांना काय शिकवणार? शेवटी भाची त्यांना नांदेडला घेऊन गेली.

आप्पांचा राग येतो. त्या केबलचा येतो. आज समईपुढं मोबाइल धरून पळणाऱ्या पोरीचाही येतो. पण त्या पंगतीत आप्पांनी माझा गळा धरला नव्हता.

इथंच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण अजून आहे.

तीन-चार वर्षांनी बाईंनी मला नांदेडला बोलावून घेतलं. भाची चहा ठेवून आत गेली. बाई फार वाळल्या होत्या. तंबोरा कोपऱ्यात, गवसणीतच. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता बोलणार, आता चामडी सोलणार. मी त्याच तयारीनं गेले होते. त्यांनी नुसतं "नालायक" म्हटलं असतं तर सगळं ओकले असते, असं मला वाटतं. वाटतं. कुणी सांगावं?

बाई म्हणाल्या, "कुसुम, सगळेच म्हणतात. मलाच आठवंना झालंय. तू खरं सांग — त्या दिवशी मी गायले होते का गं?"

एक नाही म्हणायचं होतं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं. आप्पा नव्हते, कॅमेरा नव्हता.

मी म्हटलं, "हाव बाई."

"काय गायले?"

"भूप."

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मांडीवर बोटं हलायला लागली, मात्रा मोजल्यासारखी. मग विचारलं, "सम चुकली न्हाई ना कुठं?"

मी म्हटलं, "न्हाई बाई. एकदाही न्हाई."