घुबड कोणी बसवलं?

"हे? हे मी केलं. सात महिने लागले हो. आणि ही आमची मावशी, ठोकळे धुते."

प्रदर्शनात मॅडम लोकांना हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात ओलं फडकं. त्या पंचावन्नच्या, मी सत्तावीसची. आणि मावशी मी. माझ्या शेजारी काठी टेकून आप्पा उभे होते. माझे वडील. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येरवड्याहून रिक्षानं आले होते, लेकीचं नाव कार्डावर छापलेलं बघायला.

टेबलावर कडुलिंब होता. दीड हात उंच. मुलं खेळतात त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा, नखाएवढे तुकडे एकात एक अडकवून केलेला. पुढ्यात कार्ड. कार्डावर एकच नाव, मॅडमचं.

आता सुरुवातीपासून सांगते.

सदाशिव पेठेत एका इमारतीच्या तळमजल्यावर मॅडमचा क्लास. मुलांना ठोकळ्यांची घरं, पूल, गाड्या करायला शिकवायच्या. लहान मुलं ठोकळे तोंडात घालतात. ते रोज धुवायचे, चादरीवर वाळवायचे, रंग आणि माप बघून डब्यांत लावायचे. त्यासाठी मला ठेवलं. पहिल्या दिवशी नाव विचारलं, मी सांगितलं. "आणि आडनाव?" तेही सांगितलं. "अच्छा. अच्छा." दोनदा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बेसिनवरच्या खिडकीत एक स्टीलचा पेला आला. "हा तुझा हं. आमच्यांत मिसळू नकोस. मुलं असतात ना, इन्फेक्शनची भीती." आवाज अगदी गोड. इथं अंगावर कोणी ओरडत नाही. पेला वेगळा निघतो, एवढंच.

मला कळलं नव्हतं असं नाही. कळून मी पाणी प्यायले त्या पेल्यातून, दोन वर्षं. त्याचा राग मला मॅडमपेक्षा माझाच जास्त येतो.

मॅडमना झाडांचं वेड. त्यांच्यासारख्या, ठोकळ्यांची हौस असलेल्या लोकांचा एक ग्रुप होता, वर्षातून एकदा हॉल घेऊन प्रदर्शन भरवायचा. कोणी किल्ला करायचं, कोणी रेल्वे. मॅडमना खरं वाटेल असं झाड करायचं होतं आणि ते काही केल्या जमत नव्हतं. खोड म्हणजे सरळसोट खांब. वर हिरवा गोळा. फांदी लावली की चार दिवसांत मान टाकायची. एकदा असंच झाड पडलं आणि मला हसू फुटलं. त्यांनी ऐकलं. "हसतेस काय? तू करून दाखव."

मी करून दाखवली. एक फांदी. ती पडली नाही.

कशी पडेल? माझा बाप महापालिकेच्या उद्यान खात्यात फांद्या छाटायचा. शाळेला सुट्टी असली की मी डबा घेऊन जायचे आणि झाडाखाली बसून वर बघत राहायचे. आप्पा वरून ओरडून सांगायचे, "फांदी खोडाला चिकटवल्याली नसती गं. खोडाच्या पोटातनं येती ती." मॅडम फांदी बाहेरून चिकटवायच्या. मी खोड आतून पोकळ ठेवलं, फांदीची लांब पट्टी पार पलीकडच्या सालीपर्यंत नेली, तिथं अडकवली आणि मग तिच्याभोवती खोड चढवलं. एवढंच गुपित. यात कॉलेज लागत नाही.

मॅडम बघतच राहिल्या. "तुझ्या हातात कला आहे गं." मग रोज दुपारी, मुलं गेल्यावर, मी झाड करायला लागले. आमच्या वस्तीच्या तोंडाशी कडुलिंब आहे, तोच घेतला. पूर्वी त्या झाडाची एक मोठी फांदी घरांच्या पत्र्यांवर आली होती. आप्पा सुट्टीच्या दिवशी चढले. फांदी दोरानं बांधून अलगद उतरवली, कोणाच्या पत्र्याला ओरखडासुद्धा नाही. मग स्वतः उतरताना पडले. खुबा मोडला. झाडावर चढणं संपलं ते तेव्हापासून.

पण आप्पा पडल्याचं सांगत नाहीत. फांदी छाटली तिथल्या कापाचं सांगतात. "बघ कसा बसलाय. पानी साचलं न्हाई, किडा शिरला न्हाई." खरंच तसं आहे. चहूबाजूंनी साल आत वळत आली आहे आणि मध्ये फिकट गोल उरला आहे. झाड जखम भरत नाही, झाकतं, हेही त्यांनीच शिकवलं.

तो काप मला झाडात हवा होता. फिकट रंगाचा एक गोल तुकडा मध्ये आणि भोवती गडद तपकिरी कमानी, आत वळलेल्या. जमेना. सोडवायचं, परत लावायचं. एकोणीस वेळा केलं. विसाव्या वेळी जमलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कार्डावर आपल्या दोघींची नावं. आधी तुझं." मी मागितलं नव्हतं हो. हे मला कोणीतरी लिहून ठेवा. मी मागितलं नव्हतं. त्यांनी आपणहून दिलं आणि मी वेड्यासारखी घरी जाऊन सांगितलं. आप्पांनी अख्ख्या वस्तीला सांगितलं.

तर तो रविवार. सकाळी अकरा वाजता आप्पा आले. मॅडमचं वाक्य त्यांनी ऐकलं. मग कार्ड वाचलं, हळूहळू, अक्षरावर बोट ठेवून. माझ्याकडे बघितलं नाही. झाडाकडे वाकले. आणि म्हणाले,

"घुबड कोणी बसवलं?"

मीही तेव्हाच पाहिलं. कापाच्या मधोमध, त्या फिकट गोलावर, एक छोटं प्लॅस्टिकचं घुबड.

मॅडम हसल्या. "ढोली किती छान दिसते ना आजोबा? मुलांना आवडतं."

"ढोली न्हाई ती बाई. काप हाय. माझा."

"हो का? गोड आहेत गं तुझे वडील."

तेवढ्यात एक चष्मेवाले काका पुढे आले. पलीकडच्या टेबलावरची रेल्वे त्यांची. झाडाला गोल वळसा घालून त्यांनी विचारलं, "अहो, एवढी जड फांदी झुकत कशी नाही?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. सवयीनं. पालकांनी काही विचारलं की मी मागून सांगायचे आणि त्या पुढे बोलायच्या, असंच चालायचं आमचं. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी गिळलं.

"अं... ठोकळे चांगल्या क्वालिटीचे आहेत," मॅडम म्हणाल्या.

"असं होय," काका म्हणाले. "म्हणजे आमचेच ठोकळे नालायक." आणि गेले.

मी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, कार्डावर माझं नाव?"

त्यांनी माझा दंड धरला. कुजबुजल्या. "अगं, नाव घातलं की आडनाव घालावं लागतं. इथले लोक कसे आहेत, तुला माहीत आहे. मला तसलं काही नाही हं. मी तर तुला मुलीसारखं मानते."

मुलीसारखं. डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल तर तो पेला.

"मुलीचा पेला वेगळा असतो का मॅडम?"

त्यांनी दंड सोडला.

मुलांना खेळायला आणलेले रिकामे डबे टेबलाखाली होते. मी ते वर काढून ओळीनं मांडले. आधी घुबड काढून मॅडमच्या हातात दिलं. मग शेंड्यापासून सुरुवात केली. एक एक पान.

"अगं ए! प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावायचा नाही!"

"ठोकळे तुमचे आहेत. एकही नेणार नाही," मी म्हणाले. आवाज मोठा झाला होता, होऊ दिला. "रंग-माप बघून लावून देते. तेच काम आहे ना माझं? झाड तुम्ही केलंय म्हणता. मग करा परत."

लोक जमले. कोणीतरी मोबाइल वर धरला. मॅडम रडायला लागल्या आणि दोन बायका त्यांना पाणी द्यायला धावल्या. माझ्या बाजूला एकजण आला. आप्पा. खुर्ची ओढून बसले, पाय लांब केला. "पानांचा डबा दे हिकडं."

दोघांनी मिळून झाड उतरवलं. पानं, डहाळ्या, फांद्या, साल. सात महिन्यांचं काम तासाभरात डब्यांत गेलं. शेवटी काप उरला. तिथं माझा हात थांबला. आप्पांनी अंगठ्यानं तो फिकट गोल तुकडा सोडवला, शर्टाला पुसला आणि ज्या डब्यात जायचा त्याच डब्यात टाकला. घरी जायला रिक्षात बसलो. ते बाहेर बघत होते. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन वर्षं झाली. कोणाला पश्चात्ताप बिश्चात्ताप झालेला नाही. झाडाचा फोटो आधीच काढून ठेवला होता. तो त्यांच्या ग्रुपच्या पानावर आजही आहे, मॅडमच्या नावानं, घुबडासकट. क्लास चालू आहे. ठोकळे धुवायला दुसरी बाई आली. तिच्यासाठी तोच पेला असेल, किंवा नवीन काढला असेल.

मी जुन्या बाजारातून सुटे ठोकळे आणते. रंग जुळत नाहीत, काहींना दातांच्या खुणा आहेत. कडुलिंब परत निम्म्यावर आलाय. त्याच ग्रुपच्या प्रदर्शनात टेबल मागितलंय, रीतसर फॉर्म भरून. नाही म्हणाले तर दारात मांडीन, फुटपाथवर.

झाड व्हायचंय, पण कार्ड तयार आहे. आधी कार्ड केलं, मग पहिला ठोकळा लावला. माझं नाव. आप्पांचं नाव. आडनाव, सगळ्यात मोठ्या अक्षरांत. ते झाडाच्या पुढ्यात ठेवणार नाही. कापाच्या खाली, खोडातच बसवणार आहे, पट्टी पलीकडच्या सालीपर्यंत नेऊन. काढायचं असेल तर झाड पाडावं लागेल.