हमीदाबीचा लोबान

माझे किस्से पुष्कळांनी ऐकलेत. पनवेलच्या बाजारात माझं कापडाचं दुकान; गिऱ्हाइकाला कापड मोजून देतो आणि किस्सा फुकट. हा एक मात्र मी तोंडातून बाहेर पडू दिलेला नाही. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतोय? — कुणास ठाऊक.

आमच्या आळीत वीज नवी होती, त्या दिवसांत मी मुंबईहून काचेची टाकी आणि सोनेरी मासे आणले. पनवेलात मासा म्हणजे तव्यावरचा, नाहीतर करंजा बंदराहून आलेला सुका. पाळायचा मासा बघायला सगळी आळी लोटली. बायको म्हणाली, "माशांना काचेचं घर. आणि माझी फळी कधीची एका खिळ्यावर लोंबतेय." तिचं खरं होतं. पण समोर बघे उभे असताना मी कुणाचं ऐकतो?

मुंबईच्या दुकानदारानं पाणी गाळायच्या दोन तऱ्हा दाखवल्या होत्या. एक भोकाभोकांची पट्टी, वाळूखाली पुरायची — घाण खालीच ओढली जाते, वरून काही दिसत नाही. दुसरी प्लास्टिकची डबी, टाकीच्या कोपऱ्यात ठेवायची. आत खाली कोळसा, वर कापूस. हवेचा पंप दोन्हींना लागतो. तो म्हणाला, हा मासा खादाड, घाण फार करतो, डबी सारखी साफ करावी लागेल. मी डबीच घेतली. का? तिच्यातून बुडबुडे थाटात वर चढत. वाळूखाली गाडलेल्या वस्तूला टाळ्या कोण वाजवणार?

थोड्याच दिवसांत पाणी गढूळ झालं, बुडबुडे मरगळले. एका गुरुवारी दुपारी मी डबी उघडली. कापूस बुळबुळीत, कोळशावर चिखल. नवा कापूस भरला, स्वयंपाकघरातून मूठभर कोळसा आणून घातला. पंप लावला — बुडबुडे पुन्हा राजासारखे.

सकाळी सगळे मासे पाण्यावर उताणे.

आळी पुन्हा जमली. आता कारण सांगायला हवं. मला कारण ठाऊक नव्हतं — पण गप्प बसेन तो मी कसला? शेजारी हमीदाबी राहायची. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. तो वारल्यापासून दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती संध्याकाळी त्याच्या नावानं लोबान जाळायची. आमच्या दोन घरांमधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती. धूर वरून आमच्याकडे यायचा. आदल्या संध्याकाळीही आला होता. मी दोन्ही हात पसरून सांगितलं, पंप खोलीतली हवा ओढतो, हवेबरोबर धूर ओढतो, तो पाण्यात जातो, आणि मासा गुदमरतो. काय पटवलं होतं मी! लोक माना डोलवत होते.

हमीदाबी दारातच उभी होती. "म्हणजे माझ्या लोबानानं, भाऊ?"

तेव्हा हसण्यावारी न्यायला काय हरकत होती? पण मी म्हणालो, "तुम्हाला काय माहीत असणार, हमीदाबी. जाऊ द्या." तिला सगळ्यांदेखत माफ केलं. माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं.

दुपारी डबी धुवायला काढली — आणि रॉकेलचा भपकारा. तुमच्या घरीही असेल ही रीत: शेगडी पटकन पेटावी म्हणून थोडे कोळसे रॉकेलमध्ये भिजवून डब्यात ठेवायचे. बायकोचा तो डबा शेगडीशेजारी होता. कोळशाचं पोतं मागल्या पडवीत. मी जवळचं घेतलं होतं; स्वयंपाकघरात रॉकेलचा वास नेहमीचाच, तेव्हा वेगळा जाणवला नाही. टाकीकडे पाहिलं तर पाण्यावर तेलाचे रंग. मी ते कोळसे मोरीत टाकले, साबणानं हात धुतले आणि दुकानात गेलो.

पुढच्या गुरुवारी धूर आला नाही. त्यानंतरच्याही नाही.

मी नवे मासे आणले. या खेपेला कोळसा पोत्यातला, तोही दहादा धुतलेला. मासे मजेत राहिले, वाढले. हमीदाबी बघायला आली आणि किती खूश झाली! "बघा भाऊ, मी बंद केला आणि जगले. आधी कळतं तर ते मुके जीव गेले नसते." मी मान हलवली. चांगली, ठसक्यात हलवली.

एकदा तिला माझ्या बायकोशी बोलताना ऐकलं. "आता जुम्मेरातीला नुसती बसते हो, वैनी. धुराशिवाय त्यांना कळत असेल का, मी आठवण केली ते?" बायको म्हणाली, "कळणारच." मी आतल्या खोलीत पेपर धरून होतो.

पुढे टाकीला तडा गेला. मासे एका ओळखीच्याला दिले, टाकी भंगारात गेली. त्या दिवशी खरं सांगायचीही गरज नव्हती. "हमीदाबी, मासे गेले, आता लावा लोबान" — इतकंच म्हणायचं होतं. तेही म्हटलं नाही. विषय निघाला असता. आणि त्या विषयावर मला खोटंच बोलावं लागलं असतं, हे मला ठाऊक होतं.

तिनं आपणहून पुन्हा लावला नाही. ती अजून भिंतीपलीकडेच राहते. सकाळी मला भाऊ म्हणून हाक मारते, आणि मी ओ देतो.