आत्यांचा आवाज

"आधी फोन डब्यात," असं म्हणून आत्या पोळ्यांचा डबा पुढे करत. घरात येणाऱ्याने दाराशी चपला काढायच्या, डब्यात फोन ठेवायचा आणि मग बसायचं. डब्याचं झाकण घट्ट लावून आत्या वर घडी केलेली दुलई ठेवत. एवढं झालं की विचारत, "हं, आता सांग, चहा घेशील की नाही?" चहाची गोष्टसुद्धा फोनसमोर बोलायची नाही, असा त्यांच्या घरचा नियम होता.

आत्या माझ्या कोणी लागत नव्हत्या. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात दर्पण कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांच्या त्या आत्या होत्या, आणि हळूहळू हिंदी घरांच्याही झाल्या. लग्न केलं नव्हतं, दोन खोल्यांत एकट्या राहत. मी मोबाइल, अॅप, पासवर्ड असल्या विषयांवर वर्तमानपत्रात लिहितो. लोकांना सावध करणं हे माझं काम, म्हणजे संशय घेण्याचे मला पैसे मिळतात. कॉलनीत माझ्याहून संशयी माणूस एकच होतं, आणि ते हे काम हौसेने करत होतं.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी त्यांना शहाणं करायला निघालो होतो. म्हटलं, "आत्या, स्टीलच्या डब्यातही नेटवर्क येतं." आणि नेमका तेव्हाच माझा फोन डब्यात वाजला. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं. आत्या शांतपणे म्हणाल्या, "वाजतो तर वाजू दे न. त्याला ऐकू येतं आहे का, ते सांग." घरी जाऊन मी करून पाहिलं. रेकॉर्डिंगमध्ये माझं बोलणं पुटपुटल्यासारखं आलं, पण कुकरची शिटी अगदी स्वच्छ आली. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "कुकरची ऐकू दे."

त्यांचे सगळे संशय असे निभून जाणारे नव्हते. विजेच्या नव्या मीटरला डोळा आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि त्यावर त्या जुनी उशीची खोळ घालत. रीडिंग घेणाऱ्याची आणि त्यांची दर महिन्याला वादावादी होई. कॉलनीच्या फाटकावर कॅमेरा लागला, तेव्हापासून भाजीला जाताना त्या पदर डोक्यावरून पुढे ओढून घेत. त्यामुळे झालं असं, की कॅमेऱ्याच्या चित्रात ओळखू येणारी कॉलनीतली एकमेव बाई त्याच होत्या. हे मी त्यांना सांगितलं नाही.

तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. आपण त्यांना हसतो, आणि घरी येऊन आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये एकदा डोकावतो.

आत्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचा, दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की आपण बाजूला व्हायचं. "बाजूला व्हायचं कोण?" आत्या म्हणायच्या. "आम्ही सगळ्या ऐकत होतो. कोणी सांगितलं नव्हतं ऐकायला, पण कान तर उघडाच होता न. म्हणून म्हणते, ज्याच्या हातात लाइन आहे तो ऐकणारच." माझ्या एवढ्या वर्षांच्या लेखनात कंपन्यांबद्दल याहून वेगळं मी काही सांगितलेलं नाही. फक्त मी ते फार लांबवून सांगतो.

आणखी एक गोष्ट होती. आत्या कोणाचंही नाव घेत नसत. मी कोपऱ्यावर राहतो, म्हणून मी "कोपऱ्यावाला" आणि माझी बायको "कोपऱ्यावाली". मराठी मंडळाच्या सचिवांचं दुकान शहरातल्या मुरार भागात, म्हणून ते "मुरारवाले". डॉक्टर, दूधवाला, स्वतःची पुण्याची भाची, सगळ्यांचं असंच. मला वाटे, वयामुळे नावं आठवत नसतील. एका दुपारी मटार सोलता सोलता त्यांनीच सांगितलं.

किला गेटजवळची एक मुलगी रोज कॉल लावायची. पलीकडे कोणी तरुण होता. वाईटसाईट काही नाही, तो तिला आज काय वाचलं ते विचारायचा. आत्यांना ते ऐकायला आवडे. एकदा घरी जेवताना सहज बोलण्यात आत्यांनी त्या मुलीचं नाव घेतलं. त्यांच्या वहिनीचं माहेर किला गेटचं. गोष्ट मुलीच्या वडिलांपर्यंत गेली, मुलीचं कॉलेज बंद झालं आणि तिचं लग्न कुठे लांब लावून दिलं.

"मी काही वाईट बोलले नव्हते रे," आत्या म्हणाल्या. "नुसतं नाव घेतलं." त्या प्रकारानंतर कामावर घ्यावं लागे तेवढंच नाव त्यांनी घेतलं, आणि निवृत्त झाल्यावर तेही थांबवलं.

गंमत अशी, की मंडळाच्या गणेशोत्सवात माइकवर घोषणा करायचं काम वर्षानुवर्षं आत्यांकडेच होतं. आवाज तसा होता. स्वच्छ, थोडा खालचा, आणि प्रत्येक शब्दाला जागा देणारा. लोक आरतीला उशिरा येत, पण आत्यांच्या घोषणा चुकवत नसत. "मुरारहून आलेल्या निळ्या फ्रॉकवाल्या मुलीच्या आईने मंचाजवळ यावं, मुलगी लाडू खाते आहे, घाबरू नये." देणगीचंही तसंच, "किला गेटच्या एका घरातून प्रसादासाठी साखर आली आहे." ज्याची साखर तो बिचारा खुर्चीत चुळबुळ करत राही. सचिवांनी किती वेळा विनवलं, "आत्या, नाव घ्या न, लोक नाराज होतात." आत्या म्हणत, "ज्याला दिलं त्या गणपतीला मालूम आहे."

मग गेल्या खेपेला पार्षदाची निवडणूक आली. पार्षद म्हणजे तुमच्याकडचा नगरसेवक. एक उमेदवार मराठी घरांतून फार फिरत होता, मंडळाला सभागृहासाठी जागा मिळवून देतो म्हणत होता. आत्यांकडेही चहा पिऊन गेला होता, फोन डब्यात ठेवून. मतदानाच्या तोंडावर मंडळाच्या ग्रुपवर एक क्लिप आली. "माझ्या सगळ्या मराठी बंधुभगिनींनो, मी तुमची आत्या बोलते आहे." पुढे त्या उमेदवाराचं नाव, त्याचं चिन्ह, पुन्हा नाव, आणि आपल्या माणसाला विसरू नका.

खरं सांगतो, मला पहिला संशय आत्यांचाच आला. तो चहा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी तावातावाने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डबा पुढे केला, मी म्हटलं, "आज नको, आज ऐकायचं आहे." त्या घरात मी फोन डब्याबाहेर ठेवल्याची ती एकच वेळ.

आत्यांनी क्लिप शेवटपर्यंत ऐकली. पुन्हा लाव म्हणाल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आवाज माझा आहे," त्या म्हणाल्या. "बोलले मी नाही."

"आत्या, तो येऊन गेला होता. चुकून काही बोलला असाल."

"कोपऱ्यावाल्या, यात नाव घेतलं आहे. दोनदा."

मला माझीच लाज वाटली. मग मी त्यांना समजावून सांगितलं, की आता थोडासा आवाज मिळाला तरी मशीन त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं, आणि उत्सवाचे व्हिडिओ तर मंडळाच्या पानावर सगळ्यांसाठी उघडे आहेत. आत्या डब्याकडे पाहत होत्या.

"फोन तर डब्यात ठेवला," त्या म्हणाल्या. "आवाजाला डबा कुठून आणू?"

मी ग्रुपवर लिहिलं, की क्लिप खोटी आहे. दोघातिघांनी अंगठे दाखवले. सचिवांनी लिहिलं, "आत्यांचं वय झालं आहे, विसरल्या असतील. त्यांना त्रास देऊ नये." खाली जोडलेल्या हातांचं चित्र. एकाने मला विचारलं, की मी दुसऱ्या उमेदवाराचा माणूस आहे का. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, तिने आणखी एक घेतला तर कोणी मनावर घ्यायला तयार नव्हतं. नाव घेतलं हीच खोटेपणाची खूण आहे, असं मी सांगत होतो, तर लोक म्हणत, "निवडणुकीत नाव तर घ्यावंच लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या माझ्या दारात उभ्या. "स्कूटर काढ. घरोघर जायचं आहे." गुडघे दुखत होते, ऊन होतं, ऐकतं कोण. आम्ही एकेका मराठी घरी गेलो. आत्या बसत नसत, पाणी घेत नसत. दारातच म्हणत, "ते बोलणं माझं नव्हतं. मी कोणासाठी मत मागितलं नाही. एवढंच सांगायला आले." उमेदवार पडावा किंवा निवडून यावा, असं त्यांचं काही नव्हतं. माझं बोलणं माझंच आहे, एवढं लोकांनी मानावं, हाच हट्ट होता.

किला गेटला एका सुनेने फार आदराने ऐकून घेतलं. "हो आत्या, तुम्ही म्हणता आहात तर नसेल." आम्ही जिना उतरत होतो तोवर आतून पुन्हा क्लिप लागली. "मी तुमची आत्या बोलते आहे." आत्यांनी कठडा धरला आणि तशाच उतरत राहिल्या.

मुरारला एका घरी कॉलेजचा मुलगा होता. लहानपणी हरवला असताना आत्यांनीच माइकवरून त्याच्या आईला बोलावलं होतं. तो म्हणाला, "आत्या, पण आवाज़ तो आपकी ही थी न."

"आवाज माझाच होता, बेटा."

"तो फिर?"

आत्या पुढच्या घराकडे वळल्या. मी या विषयाचा जाणकार म्हणवतो, आणि मीही त्यांच्यामागे निघालो. उमेदवार निवडून आला. त्या आवाजामुळे आला का, मला माहीत नाही.

त्या वर्षी उत्सवात आत्या तिसऱ्या रांगेत बसून राहिल्या. सचिव स्वतः माइक घेऊन आले, तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मला हळूच म्हणाल्या, "मी बोलले काय आणि मशीन बोलली काय, यांना काय फरक आहे." त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू होतं, डबाही पुढे येई, पण बोलणं मीच करत असे. ऐन थंडीत, धुक्याच्या दिवसांत त्या गेल्या. ग्रुपवर फुलांची चित्रं आली. भाची पुण्याहून येऊन घर रिकामं करून गेली. तिने मला विचारलं, काही हवं आहे का, तर मी डबा मागितला. ती जरा चकित झाली.

यंदाच्या उत्सवात पहिल्या दिवशी मंडप भरलेला होता. आरती झाली, आणि माइकवर कोणी नसताना स्पीकरमधून आवाज आला. "माझ्या सगळ्या मराठी बंधुभगिनींनो, मी तुमची आत्या बोलते आहे."

बायका डोळे पुसत होत्या. पार्षद पहिल्या रांगेत होते. सचिव हात जोडून उभे होते आणि सगळ्यांना सांगत होते, की ही आत्यांना मंडळाची श्रद्धांजली, भाचीचीही परवानगी घेतली आहे. निवडणुकीच्या त्या क्लिपची सुरुवातही याच वाक्याने होती. सचिवांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

आवाज देणगीदारांची नावं वाचत होता. पूर्ण नावं, वडिलांच्या नावासकट. ज्यांच्या साखरेला कधी नाव मिळालं नव्हतं ते उठून नमस्कार करत होते, मुलं फोन उंच धरून चित्रण करत होती. लोक खूश होते, हे मला कबूल केलं पाहिजे. उच्चार बरोबर होते, प्रत्येक शब्दाला जागा होती. मला तिथेच आत्यांची इतकी आठवण आली, की रडू आलं.

मग त्या आवाजाने माझं नाव घेतलं. लेखनाबद्दल सत्कार होता, मंचावर यावं. इतकी वर्षं त्या घरी चहा प्यायलो, त्या आवाजात माझं नाव कसं लागतं हे मला माहीत नव्हतं. छान लागत होतं.

शेजारच्या खुर्चीतला मुलगा, तोच मुरारचा, मला कोपराने ढोसून म्हणाला, "जाइए न काका, आत्या बुला रही हैं."

आवाजाने दुसऱ्यांदा नाव घेतलं. मी बसून राहिलो. आत्यांनी बोलावलं असतं, तर कोपऱ्यावाला उठला असता.