साळूबाईंचा दगड आणि सुदाम

सुदाम गेल्याचं त्याच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन दोन महिने झाले होते.

भोसरीच्या एकाच वर्कशॉपमध्ये आम्ही तीस वर्षं काढली. मी तपासणीला, तो मशीनच्या पट्ट्यांवर नावं-नंबर कोरायला. निवृत्तीनंतर दर रविवारी तो मला स्कूटरवर बसवून दिघीपलीकडच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यायचा. तिथं लष्करातले मोठे अधिकारी, रेल्वेमार्ग बांधणारे इंजिनियर, नावाजलेले डॉक्टर पुरलेले. उंच क्रूस, संगमरवरी देवदूत… सुदाम मात्र कोपऱ्यातल्या एका काळ्या दगडापाशी थांबायचा. प्लेगच्या साथीत आजाऱ्यांची सेवा करताना गेलेली एक परिचारिका तिथं होती. मराठी अक्षरं पार झिजलेली. रखवालदाराच्या जुन्या वहीत नाव सापडलं, साळूबाई.

"एवढ्या मोठ्या बाईचं नाव पुसलं, आन् आमी जल्मभर मशीनींची नावं कोरली," तो म्हणाला. अक्षरं पुन्हा कोरायची परवानगी मिळावी म्हणून त्यानं अर्जावर अर्ज केले. उत्तर नाही. एका रविवारी त्यानं पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली. मी घाबरलो. "पोलीस केस होईल राव! मेलेल्या माणसाला नावाचं काय?" हातोडी हिसकावून मी गवतात फेकली आणि रिक्षा करून घरी आलो. मग ना त्याचा फोन, ना माझा… आणि एके दिवशी छातीत कळ येऊन तो गेला.

दहाव्यानंतर मी एकटाच तिकडं गेलो. दगडावर 'साळू' एवढी अक्षरं ताजी, सुबक. 'बाई' तशीच पुसट. रखवालदार म्हणाला, "रोज सकाळी यायचे. दम लागला की बसून घ्यायचे. एका कान्याला दोन-दोन दिवस लागायचे. मी काही बोललो नाही." जे बोलायला नको होतं, ते बोलून बसलेला मीच होतो.

परवा सुदामच्या घरी, त्याच्या बायकोला, वहिनींना भेटायला गेलो. चहा पुढं ठेवत त्या म्हणाल्या, "भाऊजी, डॉक्टरांनी यांना दगदग करू नका सांगितलं हुतं. पण रोज 'शंकरबरुबर चाललोय' म्हणायचे. तुमी संगं हाय म्हणून मी अडवलं न्हाई."

मी कप उचलला.

"शेवटच्या दिवशी काय बोलले वो तुमच्याशी?"

खरं सांगावं, असं ओठापर्यंत आलं. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"काम थोडंच राहिलंय, म्हणाला," मी सांगितलं.