आळशी बेडूक, आळशी सून

आमच्या डॉक्टरकीत किस्से जमवायला कुठं जावं लागत नाही. वरिष्ठ बोलत राहतात, आपण लक्षात ठेवायचं. बघता बघता ढीग होतो!

*

मेडिकलच्या पहिल्या वर्षी बेडकाच्या पायाचं प्रॅक्टिकल होतं. नसेला करंट दिला की स्नायू उडायला हवा. आमचा ढिम्म!

सर म्हणाले, "बेडूक आळशी आहे. दुसरा घ्या."

आधीच्या बॅचनं त्याच बशीत क्युरारे हे स्नायू लुळे करणारं विष टाकलेलं मी पाहिलं होतं. मी तार नसेवरून काढून थेट स्नायूला लावली. पाय असा झटकला की बशीतलं पाणी सरांच्या चष्म्यावर!

"सर, उठला आळशी!"

*

नस धडधाकट, स्नायू धडधाकट. पण नसेच्या टोकातून सुटलेलं ॲसिटिलकोलीन हे रसायन स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे तिथल्या दारांना चिकटलं, तरच स्नायू हलतो. क्युरारे त्याच जागा अडवून बसतं.

तोंडी परीक्षेत हे सांगायला लागले, तर परीक्षक म्हणाले, "मुलींनी एवढं खोलात कशाला जायचं?"

"सर, वरवर बघणारे पुष्कळ आहेत."

पास झाले तरी!

*

पुढं हाऊस जॉबला असताना वॉर्डात गारगोटीची सुमन आली. सोबत नवरा आणि सासू.

सासू गरजली, "सकाळी चांगली असती, दुपारी कामाच्या वक्ताला डोळं मिटती! बोलाय लावलं की नाकात गुणगुणती. सोंग हाय! डॉक्टरनी तसं म्हणू देत, हितनंच नेसरीला म्हायेरी सोडती."

मोठ्या सरांचा राऊंड सकाळी. सकाळी सुमनचे डोळे टपोरे! "काही झालेलं नाही हिला. टॉनिक द्या. उद्या घरी."

"सर, संध्याकाळी एकदा बघा ना."

"संध्याकाळी माझा राऊंड नसतो."

"रोगाला ते माहीत नाही, सर!"

*

नवऱ्याला मी विचारलं, "पाटाला पाणी आलं, पण सरीची दारं बुजली, तर?"

"ऊस वाळंल की!"

"हिच्या स्नायूंची तीच गत आहे. थोडीच दारं उघडी राहिलीत."

"बुजवली कुणी?"

"बाहेरच्यानं नाही. तिच्याच अंगानं."

त्यानं हळूच आईकडे बघितलं. "म्हंजे घरातलंच माणूस म्हणा की!"

*

दुसऱ्या दिवशी सरांसमोरच सुमनला सांगितलं, "पंख्याकडे बघत राहा."

थोड्याच वेळात तिच्या पापण्या खाली आल्या.

"बघा, सोंग!" सासू म्हणाली.

मी निओस्टिग्मीनची सुई मागितली. त्यानं ॲसिटिलकोलीन लवकर मोडत नाही, उरलेल्या दारांना पाणी जास्त वेळ मिळतं.

सर म्हणाले, "अर्धा तास. नाहीतर डिस्चार्ज."

आम्ही सगळे थांबलो. पापण्या हळूहळू वर चढल्या. सर वाकून बघतच राहिले.

"सुमन, बोल बरं काहीतरी."

सुमन बोलली. खणखणीत! लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली, ती थांबेचना. शेजारच्या खाटा उठून बसल्या.

सासू माझ्याकडे सरकली. "डॉक्टरीणबाई, ह्या सुईचा असर उतरतो कवा?"

सर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "उतरू द्यायचा नाही. गोळ्या रोज, वेळेवर. आणि तुम्ही स्वतः द्यायच्या!"