विरजणाची वाटी

काल भाताबरोबर मी वाटीतलं सगळं दही चाटूनपुसून संपवलं आणि वर समाधानाची ढेकर दिली. मग आठवलं, ते आईच्या विरजणातलं शेवटचं होतं. आई जाऊन महिना झाला. तिच्या दह्यातलं चमचाभर रोज मागे ठेवून बायको त्यावरच पुढचं दही लावत होती. अपराधी वाटून मी आईबद्दल लिहायला बसलो आणि होतं नव्हतं ते एका बैठकीत कागदावर ओतलं. आज पुढचं लिहायला गेलो, तर आतही नुसती पुसलेली वाटी. बायकोला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, विरजण शेजारून मागून आणीन मी. आईंना कुठून आणू? लिहिताना तरी चमचाभर मागे ठेवायचंत."